समुद्राची हवा तापवली की काय उरतं?

किनाऱ्यावरच्या हवेतले तरंगते कण तापलेल्या नळीतून पाठवून त्यांची परीक्षा घेतात, असं गेल्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. काहींत कौतुक आहे, पुष्कळांत शंका आहेत आणि एकात तर चक्क विचारलंय, "हवा तापवण्याचा पगार मिळतो का?" मिळतो. बाकीच्या प्रश्नांना जरा लांब उत्तरं लागतील.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कण कशाचा आहे हे शोधायचं तर फिल्टरवर गोळा करून सरळ रासायनिक तपासणी करावी. तापवण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशाला?

उत्तर : फिल्टरवर गोळा करतातच. पण आधी वजनाचा हिशेब बघ. १०० नॅनोमीटर व्यासाचा मिठाचा एक कण घेतला, तर त्यात सोडियम-क्लोरिनच्या जोड्या भरतात एक कोटीच्या थोड्या वर. असे दहा लाख अब्ज कण जमवले तर कुठे ग्रॅमभर मीठ हाती लागेल. भर समुद्रावरून आलेल्या स्वच्छ हवेत तर एका घन सेंटिमीटरमध्ये काही शेच कण असतात. म्हणजे फिल्टर तासन् तास चालवायला हवा आणि तेवढ्या वेळात वारा तीनदा फिरतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. एक मायक्रोमीटरचा, म्हणजे दहापट व्यासाचा, एक कण १०० नॅनोमीटरच्या हजार कणांइतका जड असतो. फिल्टरवरचं वजन त्यामुळे मूठभर मोठ्या कणांचंच असतं. ढगाचा थेंब मात्र कणाच्या वजनाकडे बघत नाही, त्याला बसायला एक कण लागतो. ढगांसाठी कणांची संख्या महत्त्वाची आणि संख्येत लहान कणांचं राज्य आहे.

शिवाय फिल्टरवर सगळ्यांचा काला होतो. मीठ सापडलं, सल्फेट सापडलं. पण ही दोन्ही एकाच कणात नांदत होती की वेगवेगळ्या कणांत, हे फिल्टर सांगू शकत नाही. आम्हाला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून कण उडता असतानाच त्याची परीक्षा घ्यायची. आधी हवा वाळवायची. मग कणांवर विद्युतभार बसवून त्यांना डीएमए नावाच्या दंडगोलात सोडायचं. विद्युतक्षेत्रात लहान कण झटकन ओढला जातो, मोठा रेंगाळतो. व्होल्टेज नेमकं लावलं की साधारण एकाच मापाचे कण खालच्या फटीतून बाहेर पडतात. समजा, १०० नॅनोमीटरचे निवडले. ते तापलेल्या नळीतून जातात. मिनिटाला लिटरभर किंवा त्याहून कमी हवा आणि आतला मुक्काम सेकंदभराचा ते काही सेकंदांचा. पुढे कोळशाचं अस्तर लावलेला थंड भाग असतो. कणातून उडालेली वाफ तो कोळसा धरून ठेवतो. मग दुसरा डीएमए त्याच कणांचं नवं माप घेतो आणि शेवटी सीपीसी नावाचा गणक त्यांना मोजतो. सीपीसीत कणावर ब्यूटानॉलची वाफ बसवून त्याचा एवढा थेंब करतात, की लेझरच्या उजेडात तो दिसावा. ही युक्ती जुनीच. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस कणांवर पाण्याचं धुकं बसवून ते भिंगातून मोजले होते. आम्ही पाण्याच्या जागी ब्यूटानॉल आणलं आणि मोजणीच्या खोलीला तो कायमचा वास लावून घेतला.

आता आकड्यांकडे. १०० चा कण ८० चा झाला तर पाचव्या हिश्शाने घटला असं वाटतं. पण आकारमान व्यासाच्या घनाने जातं, त्यामुळे निम्मा माल उडालेला असतो. ५० चा झाला तर उरला साडेबारा टक्के. ४० वर आला तर जेमतेम साडेसहा.

कोणता पदार्थ कधी जातो, त्याचा ढोबळ अंदाज असा. अमोनियम नायट्रेट शंभर अंश सेल्सिअस गाठायच्या आतच सुटायला लागतं. सल्फ्युरिक आम्ल शंभर-सव्वाशेच्या आसपास जातं, अमोनियम सल्फेट दोनशेच्या आगेमागे. मीठ तीनशेला ढिम्म हलत नाही, त्याला सहाशे-साडेसहाशे लागतात. काजळी तीनशेला तशीच असते आणि तिचं पुढचं वागणं हवेत ऑक्सिजन आहे की नाही यावर ठरतं. सेंद्रिय पदार्थांना ठाव नाही, ते पन्नासपासून तीनशेच्या पलीकडेपर्यंत कुठेही सुटतात.

समुद्राकडून वारा असताना पडद्यावर नेहमी दिसणारं चित्र सांगते. आलेखाच्या आडव्या अक्षावर कणांचं माप असतं, उभ्यावर त्यांची संख्या. सुरुवातीला १०० वर एकच उंचवटा असतो. तापमान चढवत गेलं की तो सावकाश डावीकडे सरकतो, थोडा रुंदावतो. दोनशेच्या पुढे गेलं की तो फाटतो. मोठा भाग भराभर लहान होत वीस नॅनोमीटरच्या खाली जाऊन मोजणीतूनच नाहीसा होतो. मागे पंचाण्णवच्या आसपास एक छोटासा, पण ठाम उंचवटा उभा राहतो. तो मिठाचा. एकाच मापाचे कण निवडले होते, तरी त्यांत दोन वेगळ्या जाती होत्या हे त्या फाटण्यातून कळतं. उंचवटा फाटण्याऐवजी सगळा मिळून ४० वर येऊन थांबला असता, तर प्रत्येक कणात न उडणारा एक गाभा आणि त्याभोवती सल्फेटचं आवरण होतं असं म्हणता आलं असतं. फिल्टरवर या दोन्ही हवा सारख्याच दिसल्या असत्या.

प्रश्न : मी रसायनशास्त्र शिकवते. मिठाचा वितळणबिंदू ८०१ अंश आणि उत्कलनबिंदू १४०० च्या वर, असं आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. मग तुमचं मीठ सहाशेला कसं उडतं? आणि अमोनियम सल्फेटचं विघटन तर २३५ च्या वर होतं, असं पुस्तकात आहे.

उत्तर : मॅडम, पुस्तकही बरोबर आणि नळीही बरोबर. दोरीवरचे कपडे वाळायला पाणी शंभर अंशांना उकळावं लागत नाही, इतकंच हे आहे. उत्कलनबिंदू म्हणजे पदार्थाचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाएवढा होतो ते तापमान. बाष्पीभवनाला तेवढी वाट बघायची गरज नसते. भोवतालच्या हवेत त्या पदार्थाची वाफ जवळपास नसेल, तर पृष्ठभागावरून रेणू निघून जात राहतात, वेग कमी असेल एवढंच.

आणि कण लहान असला की कमी वेगही पुरतो. मिठाचा बाष्पदाब ८६५ अंशांना एक मिलिमीटर पारा, म्हणजे १३३ पास्कल असतो. तिथून खाली येत सहाशेला पोचलो तर तो पास्कलच्या काही दशांशांवर उतरतो. आपल्या दृष्टीने नगण्यच. पण एवढ्या दाबाने पृष्ठभागावरून किती माल सुटेल याचा हिशेब मांडला, तर कणाची त्रिज्या सेकंदाला काही दशक नॅनोमीटरने घटते असं उत्तर येतं. १०० नॅनोमीटरच्या कणाची त्रिज्याच मुळी पन्नास. म्हणजे सेकंदभरात तो संपतो किंवा संपत येतो. हाच वेग भांड्यातल्या मिठाच्या खड्याला लावला तर एक मिलिमीटर खाली जायला काही तास लागतील. प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण खड्यावर त्याच्याच वाफेचा थर बसून राहतो. शाळेच्या प्रयोगशाळेत मीठ सहाशेला "उडताना" कुणी पाहिलं नाही यात नवल नाही.

यातून एक गोष्ट निघते आणि मुलांना पाठांतराबरोबर तीही सांगावी असं मला वाटतं. "अमुक पदार्थ तमुक तापमानाला उडतो" हे वाक्य अर्धं आहे. किती वेळ तापवला आणि कण केवढा होता, हे सांगितल्याशिवाय त्या तापमानाला अर्थ नाही. नळीची लांबी दुप्पट केली, प्रवाह तोच ठेवला, तर तोच कण थोड्या कमी तापमानाला जाईल. दोन प्रयोगशाळांच्या आलेखांत दहा-वीस अंशांचा फरक दिसला की लोक लगेच एकीला चूक ठरवतात. मी आधी दोन्हीकडच्या नळीची लांबी, व्यास आणि प्रवाह विचारते. पुष्कळ भांडणं तिथेच मिटतात.

अमोनियम सल्फेटचं उत्तरही तेच. त्यात आणखी एक खुबी आहे. ते अख्खं उडत नाही, अमोनिया आणि आम्ल असं सुटं होत जातं. म्हणून ते आणि अमोनियम बायसल्फेट यांना केवळ तापमानावरून वेगळं ओळखणं जिकिरीचं असतं.

प्रश्न : मी निवृत्त यंत्र अभियंता आहे. तुम्ही कण तापवता, म्हणजे त्याला बदलता. बदललेल्या वस्तूवरून मूळ वस्तूबद्दल बोलणं मला पटत नाही. आणि नळीत कण चिकटत नाहीत कशावरून?

उत्तर : साहेब, दोन्ही शंका रास्त आहेत. दुसरीपासून सुरुवात करते, कारण तिला ठोस उत्तर आहे.

कण चिकटतात. लहान कण इकडेतिकडे भरकटत भिंतीला लागतात. त्यातून नळीच्या गरम भागातून थंड भागात हवा आली, की कण गरमकडून थंडकडे ढकलले जातात आणि थंड भिंतीवर बसतात. ही घट तापमानानुसार वाढत जाते. तिचा हिशेब केला नाही तर भिंतीवर बसलेले कण "उडाले" म्हणून खाती पडतील. तपासायची सोपी रीत अशी, की तीनशेपर्यंत ज्याला काही होत नाही असा कण मुद्दाम पाठवायचा. तो कोणता? मीठच. प्रयोगशाळेत मिठाचं पाणी फवारून, वाळवून, माप निवडून नळीतून सोडायचं. आत गेले किती, बाहेर आले किती, हे प्रत्येक तापमानाला आणि प्रत्येक मापाला मोजायचं. जी तूट येते ती नळीची. समुद्रावरच्या हवेत ज्याचा शोध घ्यायचा त्यालाच आधी मापदंड म्हणून वापरायचं, ही गोष्ट मला अजूनही आवडते.

मीठही अगदी निर्दोष नसतं, बरं का. समुद्राचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट सगळे असतात आणि त्यांतले काही वाळल्यावरही आपल्या स्फटिकात पाणी धरून ठेवतात. तापवल्यावर ते पाणी सुटतं आणि कण काही टक्क्यांनी आक्रसतो. शिवाय वाळलेला मिठाचा कण घनाकृती असतो, डीएमए त्याला गोल समजून मापतो. तापून त्याचे कोपरे बोथट झाले की रेणूही न गमावता त्याचं "माप" कमी होतं. म्हणून वर मी मिठाचा उंचवटा पंचाण्णवला उभा केला, शंभरला नाही. तेवढ्या सरकण्यावरून "मिठावर सेंद्रिय थर होता" असं छातीठोक सांगणारा लेख दिसला, तर मी आधी पाण्याचा हिशेब शोधते.

आता पहिली शंका. ती पूर्ण फिटणारी नाही. सेंद्रिय पदार्थ तापवले की सगळेच उडत नाहीत, काही करपतात. करपून जे काळं उरतं ते मूळ कणात नव्हतंच, आपण घडवलं. तीनशेला मागे राहिलेल्या दहा टक्क्यांत खरं न उडणारं किती आणि आपण करपवलेलं किती, हे नुसत्या तापवण्याने कळत नाही. यावर दोन उपाय वापरतात. नळीतला मुक्काम बदलून तोच प्रयोग पुन्हा करायचा. नुसतं बाष्पीभवन असेल तर जास्त वेळ दिल्यावर उरलेला माल हिशेबानुसार घटतो, करपलेला असेल तर तिथेच अडतो. दुसरा उपाय म्हणजे पुढे एअरोसोल मास स्पेक्ट्रोमीटर जोडून सुटलेल्या तुकड्यांवरून पदार्थ ओळखायचा. गंमत अशी, की त्या यंत्राची स्वतःची तापलेली पट्टीही सहाशे अंशांच्या आसपासच असते. सल्फेट आणि सेंद्रिय ती चटकन सांगते. मीठ तिच्यावर रेंगाळतं, त्यामुळे मिठाचा आकडा भरवशाचा नसतो. म्हणजे महागडं यंत्र जिथे चाचपडतं, तिथेच आमची साधी नळी ठाम बोलते, आणि नळी अडते तिथे ते यंत्र कामाला येतं.

तेव्हा तुमच्या आक्षेपाचा मान राखून मी एवढाच दावा करते. तापवण्याने कण कशाचा *नाही* हे खात्रीने कळतं. दीडशेला टिकला तो सल्फ्युरिक आम्लाचा नव्हता. तीनशेला टिकला तो अमोनियम सल्फेटचा नव्हता. सोळा आणे शुद्ध "आहे" मात्र या नळीतून क्वचितच मिळतं. १९७१ मध्ये शॉन ट्वोमी या शास्त्रज्ञांनी ढगांची बीजकेंद्रं, म्हणजे ज्यांच्यावर ढगाचे थेंब बसतात ते कण, तापवून पाहिली, तीही याच तर्काने. त्या काळी ही केंद्रं समुद्राच्या मिठाचीच असणार, अशी पुष्कळांची समजूत होती. पण मीठ जिथे टिकायला हवं अशा तापमानाला ती निघून गेली आणि त्यांचं वागणं अमोनियम सल्फेटशी जुळलं. एका "नाही"ने केवढी समजूत हलली बघा. पुढे १९९० मध्ये जेनिंग्ज आणि ओ'डाउड यांनी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेस हेड इथे हेच तंत्र अटलांटिकवरून येणाऱ्या हवेला लावलं. वारा वाढला की न उडणारा वाटा कसा वाढतो, हे नंतर त्याच वाटेने कळत गेलं.

प्रश्न : खारी हवा प्रकृतीला चांगली असते का? समुद्राचा तो वास म्हणजे मीठच ना?

उत्तर : प्रकृतीचं डॉक्टरांना विचारा. वासाचं सांगते. मिठाला वास नसतो. तो वास बराचसा डायमिथाइल सल्फाइड या वायूचा, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे सुटणारा. हवेत त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल बनतं, त्याचे कण होतात आणि आमच्या नळीत ते मिठाच्या कितीतरी आधी निघून जातात. १९८७ मध्ये चार्ल्सन, लव्हलॉक, आंद्रेए आणि वॉरन यांनी एक कल्पना मांडली. समुद्र तापला की हा वायू वाढेल, कण वाढतील, ढग उजळ होतील आणि समुद्र पुन्हा निवेल, अशी. साखळी सुबक होती, पण पुढच्या मोजमापांत तिच्या बऱ्याच कड्या सैल निघाल्या. वाऱ्याने उडालेलं मीठ आणि त्यासोबत येणारा सेंद्रिय माल यांचा वाटा त्यात फारसा धरलेला नव्हता.

प्रश्न : मी व्यापारी जहाजावर इंजिनिअर आहे. तुमच्या किनाऱ्यावर आमचा धूरही पोचत असणार. तीनशेला मीठही उरतं आणि काजळीही उरते. मग कोणतं कुठलं, हे कसं ओळखता?

उत्तर : दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. किनाऱ्यावरचा हा खरोखरचा पेच आहे.

पहिली चाळणी वाऱ्याची. मेस हेडला साधारण १८० ते ३०० अंशांच्या दिशेचा वारा असेल तरच हवा स्वच्छ सागरी धरतात. टास्मानियातल्या केप ग्रिमला हीच खिडकी १९० ते २८० अंशांची आहे. पण जहाज त्या खिडकीतूनच जात असेल तर? मग मोजणीत अचानक एक उंच सुळका येतो, काही मिनिटांत ओसरतो आणि त्यात बहुतेक फार लहान कण असतात. तो भाग वगळता येतो. लांबवर विरघळून पसरलेला धूर मात्र सुळका दाखवत नाही, तो हवेत मुरलेला असतो.

तिथे दुसरी युक्ती. तापवून उरलेल्या कणाला लगेच ओलावा द्यायचा. मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाणी ओढून विरघळतं आणि ९० टक्क्यांना त्याचा व्यास दुपटीहून जास्त होतो. काजळीवरचं आवरण उडालेलं असलं की ती जवळपास फुगतच नाही. आधी तापवून मग भिजवणारी ही जोडयंत्रं जुळवायला किचकट असतात, पण उत्तर स्वच्छ देतात. उरलेला उंचवटा ओलाव्यात उजवीकडे झेपावला तर तो मिठाचा, जागचा हलला नाही तर तो तुमचा.

तिसरा मार्ग म्हणजे साडेसहाशेच्या पुढे जाणं. त्या तापमानाला पोलादाची नळी नको, क्वार्ट्झ किंवा सिरॅमिक हवी. तिथे मीठ निघून जातं. वाहक वायू नायट्रोजन असेल तर काजळी तरीही उरते, साधी हवा असेल तर ती जळायला लागते. ही चाचणी रोजची नाही.

१ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली, हे तुम्हाला मी सांगायला नको. गंधक घटलं की धुरातला दोनशेच्या आत उडणारा वाटा घटतो. काजळी त्या प्रमाणात घटेलच असं नाही, ती ज्वलनावर अवलंबून. म्हणून जहाजमार्गाजवळच्या हवेत उडणारं कमी आणि न उडणारं पूर्वीइतकंच, असं दिसलं तर चकित होऊ नका.

प्रश्न : खवळलेल्या लाटांजवळ यंत्र ठेवलं तर भरपूर मीठ मिळेल. मग तुम्ही उंच मनोरे कशाला बांधता?

उत्तर : भरपूर मिळेल, पण ते त्या खडकावरच्या लाटेचं. आम्हाला शेकडो किलोमीटर समुद्रावरून आलेली हवा हवी असते. भर समुद्रात वाऱ्याचा वेग सेकंदाला चारएक मीटरच्या वर गेला की लाटांना पांढरा फेस येऊ लागतो, त्यातले बुडबुडे फुटून मिठाचे कण उडतात, आणि वेग वाढला तसा फेस फार झपाट्याने वाढतो. किनाऱ्यावरच्या फुटत्या लाटेला एवढ्या वाऱ्याचीही गरज नसते. म्हणून हवा वरून ओढायची. केप ग्रिमचं ठाणं तर ९४ मीटर उंच कड्यावर आहे. ओहोटीची वेगळीच तऱ्हा. मेस हेडला उघड्या पडलेल्या समुद्रशेवाळातून आयोडीनची संयुगं सुटतात आणि दिवसाउजेडी काही नॅनोमीटरच्या कणांचा लोंढा उसळतो. यंत्राला तो सागरी हवेचा गुण वाटतो, असतो किनाऱ्याचा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आलेखाशेजारी न लावता मी या भागातला डेटा वाचत नाही.

प्रश्न : मी समुद्राजवळ राहतो. घरी एक स्वस्त पीएम सेन्सर, म्हणजे हवेतले तरंगते कण मोजणारा, बसवलाय. दमट पहाटे त्याचा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. हवा आत घेताना तापवावी असं एकाने सुचवलं. किती तापवू?

उत्तर : आधी तो आकडा कशाने फुगतो ते बघा. तुमचा सेन्सर कणावरून विखुरलेला उजेड मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. ओलाव्यात मिठाचा कण पाणी पिऊन फुगला, की तो ते पाणीही प्रदूषण म्हणून मोजतो. समुद्राजवळ दुखणं जास्त, कारण एकदा भिजलेलं मीठ आर्द्रता ७५ च्या खाली आली म्हणून लगेच वाळत नाही. शुद्ध मीठ ४५ टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर स्फटिक होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असल्याने ते त्याहूनही चिवट. त्यामुळे दुपारी हवा बरीच कोरडी वाटली तरी कण ओलेच असू शकतात.

म्हणून तुम्हाला कण तापवायचे नाहीत, हवेची सापेक्ष आर्द्रता पाडायची आहे. ही दोन कामं वेगळी आहेत. २८ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांवर नेली की तिची आर्द्रता ४६ टक्क्यांच्या जवळ येते. बारा अंशांत एवढं साधतं. म्हणजे स्फटिक होण्याच्या उंबरठ्यावर आलात. आणखी दोन-चार अंश चढवले तर चालेल, पण तिथे थांबा.

कारण पन्नासच्या आसपास दुसरंच नुकसान सुरू होतं. हवेचं अधिकृत मोजमाप करणाऱ्या टीईओएम नावाच्या यंत्रात पाणी घालवण्यासाठी हवा ५० अंशांवर ठेवायचे. पाणी गेलं, पण सोबत अमोनियम नायट्रेट आणि हलके सेंद्रिय पदार्थही गेले आणि आकडे कमी येऊ लागले. ब्रिटनमध्ये तर बरीच वर्षं त्या आकड्यांना सरसकट १.३ ने गुणायची पद्धत होती. माझ्या मते तो तोडगा ढोबळच होता, कारण नायट्रेट रोज सारखं नसतं. शेवटी उडून गेलेल्या मालाचा वेगळा हिशेब ठेवणारी सुधारित यंत्रं आली.

तुम्ही हीटर बसवाल तेव्हा आर्द्रता मोजणारा छोटा सेन्सर हीटरच्या *पुढे*, उजेडाच्या पेटीलगत लावा आणि त्याच्या आकड्यावर हीटर चालू-बंद करा. ठरावीक तापमानाला बांधून ठेवू नका. कोरड्या दिवशी हीटर बंदच राहिला पाहिजे. आणि प्रत्येक नोंदीसोबत ती आर्द्रता आणि तापमान लिहून ठेवा. पुढे कुणाशी आकडे ताडायचे झाले तर पहिला प्रश्न तोच येईल.

प्रश्न : मी आठवीत आहे. तापून लहान झालेला कण थंड झाल्यावर परत मोठा होतो का?

उत्तर : छान विचारलंस. होऊ शकतो. उडालेली वाफ तिथेच असेल तर हवा थंड झाल्यावर ती पुन्हा कणावर बसते. कधी कधी तर ती स्वतःचेच नवे, चिमुकले कण बनवते आणि मग जे कण हवेत कधी नव्हतेच तेही मोजले जातात. म्हणून नळीच्या पुढे तो कोळसा असतो, वाफ धरून ठेवायला. पण कोळशाचंही पोट भरतं. मग त्याला बाहेर काढून तापवायचं, म्हणजे त्याने धरलेलं सगळं तो सोडतो आणि पुन्हा कामाला लागतो.